असमतल

मंगळवारी सकाळी तिघं आले.
एकाच्या हातात टेप, एकाच्या काखेत फायली,
तिसऱ्याकडे लाल रंगाचा डबा आणि दाढीचा जुना ब्रश.
उंबऱ्यापासून आत अकरा फूट चार इंच मोजले
आणि भिंतीवर बाण काढला, कॅलेंडरच्या खाली.

मी विचारलं, म्हणजे कुठवर?
मुल्ला नावाचा पोरगा, तोंडानं गरीब,
म्हणाला, काका, मोरीपासून पुढं तुमचं.
अलीकडचं रस्त्याचं.
रस्ता अजून साखर पेठेच्या वळणावरही आला नव्हता
आणि आम्ही उभे होतो त्याच्यावर, अनवाणी.

नोटीस नायनाच्या नावानं होती.
उताऱ्यावर अजून तोच, बोद्धूल मल्लेशम राजय्या.
वारून सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला
हरकत घ्यायला एकवीस दिवस.

रस्ता नको, असं मी म्हणालो नाही.
गेल्या उन्हाळ्यात गाजूलच्या सुनेला
बाजेवर घालून चौकापर्यंत नेलं आम्ही चौघांनी,
ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना.
पोर वाटेतच झालं.
तेव्हा मीच सगळ्यात मोठ्यानं शिव्या दिल्या होत्या
महापालिकेला.

पंचनाम्याला बसले तेव्हा
पद्मावतीनं विड्यांचं सूप मांडीवरून उतरवलं, पाणी दिलं.
भिंती : वीट, चुना. छत : पत्रा.
वय : पन्नासच्या वर. घसारा वजा.
दार : सागवानी, एक फळी फुटकी.
मग कोपऱ्यात टेप अडखळला.
हे काय?
खड्डा.
कशाचा?

मागाचा.
नायना यात पाय सोडून बसायचा,
कमरेच्या वर माणूस, कमरेच्या खाली जमीन.
धोटा इकडून तिकडं, पावडी खाली वर,
नऊ वार संपले की आम्हाला हाक मारायचा, ओढा रे,
कारण पाय झोपलेले असायचे.
पॉवरलूम आले, तो कारखान्यात उभ्यानं राबला,
पण खड्डा बुजवू दिला नाही त्यानं.
वर फळ्या टाकल्या.
आता नात बसते तिथं, मे महिन्यात,
घोट्यांना गार लागतं म्हणून,
पाढे म्हणत.

फॉर्मात खड्ड्याला रकाना नव्हता.
मुल्ला हळूच म्हणाला, विहीर लिहू? विहिरीचे मिळतात.
साहेब म्हणाले, पाण्याशिवाय विहीर कसली?
मग शौचाचा खड्डा लिहू, त्यालाही दर आहे.
पद्मावती, जी कधी कुणापुढं बोलत नाही,
म्हणाली, ते नको.

शेवटी लिहिलं :
'जमीन असमतल. भरावाचा खर्च वजा.'
नऊशे साठ रुपये.
सही करताना मी तो आकडा पुन्हा वाचला.
बाप बुजवायला एवढे लागतात, बरं झालं कळलं.

चेक अजून यायचाय.
भिवंडीतला भाऊ सही देतो म्हणतो,
करीमनगरची बहीण फोन उचलत नाही.
घर मात्र एका दुपारी झालं,
जेसीबीनं भाकरीचा कोपरा मोडावा तसं.
कॅलेंडर वाऱ्यानं समोरच्या गटारात गेलं.
गाजूल म्हणाला, रोडटच झालास की!
खोटं नाही. दोघं दलाल येऊन गेले,
मोरीच्या जागी मोबाइलचं दुकान होईल म्हणतात.

डांबर पडलं. दोन पाऊस झाले.
सगळा रस्ता सपाट, काचेसारखा,
फक्त आमच्या दारासमोर परातीएवढा खचतो.
दोनदा खडी टाकून गेले,
दोनदा खचला.
रात्री मोटारसायकली जातात त्याच्यावरून,
खट्,
मग थोडा वेळ काही नाही,
मग खट्.
पद्मावती कुशीवर वळते. झोपलीयस का, मी विचारत नाही.

गाजूल म्हणतो, अर्ज कर वॉर्ड ऑफिसात,
तुझ्या दारातलं आहे, तुझंच ऐकतील.
करतो म्हणतो मी.
कागदसुद्धा आणून ठेवलाय.